बहिणीचा वाटा

आमच्या शाळेच्या शिक्षकखोलीत मधल्या सुट्टीत एक वाद ठरलेला असतो. डबे उघडले की कोणीतरी उसासा टाकून म्हणते, "आपली कौम काही सुधारायची नाही." मग दोघे मान डोलावतात आणि एखादी ताजी वाईट बातमी सांगतात. आम्ही मात्र या वादात नेहमी दुसऱ्या बाजूला बसलेलो असतो. उर्दू शाळेत मराठी आणि उर्दू शिकवता शिकवता बावीस वर्षे झाली. एवढ्या वर्षांत डोळ्यांसमोर जे बदलले, ते नाकारता येत नाही. सहकारी चिडवतात, "काय सर, आज कुठे सुधारणा दिसली?" आम्हीही चिडत नाही. एखादी गोष्ट सांगून टाकतो.

गोष्टी तशा लहानच असतात. बी.एड. होऊन आम्ही नोकरीला लागलो, तेव्हा सातवीची परीक्षा झाली की वर्गातल्या मुलींची बाके रिकामी होऊ लागत. विचारायला गेलो की दारातूनच उत्तर मिळे, "पुरे झालं सर, खत वाचण्यापुरतं आलं." आज आमच्या दहावीच्या वर्गात मुलींच्या बाजूची बाके भरून मुली मुलांच्या बाजूला सरकलेल्या असतात. दहावीनंतर कुठले कॉलेज, कोणती शाखा, हे विचारायला मुलीचा बाप स्वतः येतो, तेही कामावरची अर्ध्या दिवसाची मजुरी सोडून.

निकाहाचेच बघा. पूर्वी वकील आणि दोन साक्षीदार आत जात, पडद्यामागून कोणीतरी "हूं" म्हणे आणि मुलीची संमती मिळाली असे धरले जाई. ते "हूं" मुलीचे की तिच्या खालाचे, हे कोणी बघत नसे. आता आमच्या गावातले काझीसाहेब मुलीच्या समोर बसून तिचे आणि मुलाचे नाव घेऊन विचारतात, मेहेरची रक्कम सांगतात आणि निकाहनामा तिच्या हातात देऊन वाचायला लावतात. मग सही होते. मेहेरसुद्धा नुसता कागदावरचा आकडा राहिलेला नाही. कित्येक घरांत तो त्याच दिवशी सोन्याच्या रूपात मुलीच्या हाती पडतो.

आमच्या मशिदीत जिन्याखाली बायकांसाठी वेगळी जागा झाली, वजूची सोय झाली. पुण्याच्या एका दांपत्याने स्त्रियांच्या मशीद-प्रवेशासाठी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला होता. त्यावर जानेवारी २०२० मध्ये ऑल इंडिया मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने प्रतिज्ञापत्र देऊन सांगितले की, नमाजासाठी स्त्रीने मशिदीत येण्याला इस्लामची मनाई नाही. आमच्या गावात हे प्रतिज्ञापत्र कोणी वाचले नसेल. पण बाजारहाटाला आलेल्या बायकांना जोहरच्या वेळी नमाजाला जागा नसते, हे दोन-चार मुसल्लींच्या लक्षात आले आणि पडदा लावला गेला.

आणखी एक. १ मे २०२४ पासून महाराष्ट्रात जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदावरील नावात आधी मुलाचे नाव, मग आईचे, मग बापाचे आणि शेवटी आडनाव असा क्रम ठरला आहे. ती मुले शाळेत यायला अजून वेळ आहे. पण आमच्या हजेरीपटावर एक दिवस प्रत्येक मुलाच्या नावात त्याची आई असेल, या विचाराने आम्हाला आत्ताच बरे वाटते.

अशी आमची सुधारणेची वही. ती आम्ही कौतुकाने मिरवत होतो. पण गेल्या पावसाळ्यात एक प्रसंग घडला आणि त्या वहीतले एक पान कोरे आहे, हे आमच्या लक्षात आले. ते कोरे ठेवणारे आम्हीच होतो.

आमच्या मोहल्ल्यातले एक बुजुर्ग गवंडी वारले. मागे दोन मुलगे आणि तीन विवाहित मुली. बायको आधीच गेलेली. मालमत्ता म्हणजे राहते घर आणि गावाबाहेरचे पाऊण एकर रान. चाळिसावा उरकल्यावर थोरला मुलगा आमच्याकडे आला. म्हणाला, "सर, बहिणींचं हक्कसोडपत्र करायचंय. साक्षीदार म्हणून तुम्ही या. शिकलेला माणूस असला की बरं." आम्हीही हो म्हणालो. अशा कागदांवर आम्ही याआधीही साक्षीदार म्हणून सह्या केल्या आहेत, न वाचता केल्या आहेत.

वकिलांच्या ऑफिसात सगळे जमलो. तिन्ही बहिणी बुरख्यात, एका बाकावर, हातात आधार कार्डे धरून. कागद आधीच टाईप होऊन आला होता. वकीलसाहेब कोर्टात होते. त्यांच्याकडे काम शिकणारी मुलगी बाहेर आली आणि आम्हाला बघून सलाम करत म्हणाली, "सर, तुम्ही?" आमचीच जुनी विद्यार्थिनी. आठवीत असताना मराठीतल्या जोडाक्षरांशी तिचे हाडवैर होते. आता एलएल.बी. करत होती.

तिने कागद हातात घेतला आणि सही कुठे करायची ते दाखवण्याऐवजी बहिणींना विचारले, "तुम्ही हा वाचलात का?" मोठीला लिहिता-वाचता येत नव्हते, मधलीला उर्दू येत होते, धाकटी गप्प होती. "मग मी वाचून दाखवते," असे म्हणून ती वाचू लागली. कायद्याची भाषा आणि एवढे मोठे वाक्य, पण ती मध्ये थांबून प्रत्येक गोष्ट साध्या बोलीत समजावत होती. "आम्ही स्वखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय आणि कोणताही मोबदला न घेता आमचा हक्क कायमचा सोडत आहोत", इथे ती आली तेव्हा मधलीने विचारले, "मोबदला म्हणजे?"

"म्हणजे बदल्यात काही घेतलं नाही, असं."

"आणि स्वखुशीने म्हणजे आपल्या मर्जीनं?"

"हो."

मधली थोडा वेळ काही बोलली नाही. मग भावाकडे न बघता म्हणाली, "मर्जी तर कोणी विचारलीच नाही. सकाळी फोन आला, सहीला ये म्हणून. मी आले."

ऑफिसात शांतता पसरली. आम्हाला वाटले, आता थोरला भडकणार. तो भडकला नाही. कपाळावरचा घाम पुसत खाली बघत राहिला. आमच्या विद्यार्थिनीने कागद टेबलावर ठेवला आणि अगदी शांतपणे म्हणाली, "घाई नाही. घरी जाऊन बोला. नंतर पण करता येतं. आणि करायचंच नसलं तर सगळ्यांची नावं वारस म्हणून लावायचा अर्ज मी लिहून देते, तो सोपा आहे." धाकट्या भावाने चहा मागवला. चहा पिऊन सगळे उठले. सही झाली नाही.

दोन महिन्यांनी कळले की पाचही भावंडांची वारस नोंद झाली. फेरफारात पाच नावे आली. रान थोरलाच कसतो, येणाऱ्या पिकातून बहिणींना त्यांचा हिस्सा देतो. मोहल्ल्यात आठवडाभर कुजबूज झाली आणि थांबली. बकरी ईदला ती मधली बहीण नेहमीसारखी डबा घेऊन भावाच्या दारात उतरली, हे आम्ही आमच्या खिडकीतून पाहिले. माहेर तुटले वगैरे काही नाही.

त्या दिवशी वकिलांच्या ऑफिसातून घरी आलो आणि जेवण गेले नाही. घरात विचारणा झाली तेव्हा ऊन लागले असे सांगितले. खरे कारण वेगळे होते. साल २००९. त्याच इमारतीत, बहुधा त्याच बाकावर, आमच्या दोन बहिणी अशाच बसल्या होत्या.

आमचे अब्बा वारले तेव्हा अम्मी हयात नव्हत्या. आम्ही चार भावंडे. थोरली आपा, मग भाईजान, मग आम्ही आणि शेवटची धाकटी बहीण. अब्बांची जमीन एक एकर आठ गुंठे, म्हणजे अठ्ठेचाळीस गुंठे. काळी जमीन, पाटाचे पाणी, ऊस. भाईजान म्हणाले, बहिणींची सोडपत्रे करून घेऊ, नंतर भानगड नको. आम्ही म्हणालो, ठीक आहे. आपाने सही केली, धाकटीने केली. आम्ही दोघांना बाहेर नेऊन जेवण दिले, साड्या घेतल्या आणि एस.टी.त बसवून दिले. कागद कोणी वाचून दाखवला नाही. आम्ही मराठीचे शिक्षक होतो, आम्हीही दाखवला नाही.

आता हिशेब करून बघू. शरीयतीप्रमाणे दफनाचा खर्च, कर्ज आणि वसीयत असल्यास ती वजा केली की उरलेल्यात मुलाला दोन भाग, मुलीला एक भाग. आम्ही दोन भाऊ, दोन बहिणी, म्हणजे सहा भाग. अठ्ठेचाळीस भागिले सहा, आठ. आपाचे आठ गुंठे, धाकटीचे आठ गुंठे, भाईजानचे सोळा, आमचे सोळा. पण सातबारावर भाईजानच्या नावे चोवीस आणि आमच्या नावे चोवीस. म्हणजे गेली इतकी वर्षे आमच्या नावावरच्या जमिनीतील तिसरा हिस्सा आमचा नाही. पाचवीतले पोर सोडवील असे हे गणित. आम्हाला इतकी वर्षे ते घालावेसेच वाटले नाही.

आणि याहून जड गोष्ट सांगायची आहे. आपाचे यजमान काही वर्षांपूर्वी आजारी पडून गेले. तिची परिस्थिती ओढाताणीची झाली. तेव्हापासून दर रमजानला आम्ही आमच्या जकातीतून तिला काही रक्कम देत आलो. बहिणीला जकात देता येते, मसला विचारून दिली होती. देताना समाधान वाटायचे की आपण नातेही जपतो आणि फर्जही अदा करतो. आपा पैसे घेताना दरवेळी डोळे खाली करायची. आता लक्षात येते की तिच्याच उसाच्या पैशातला एक तुकडा आम्ही तिला खैरात म्हणून देत होतो आणि ती मान खाली घालून घेत होती.

वाचकहो, मुलीचा वाटा ही काही कोणा सुधारकाने काल काढलेली गोष्ट नाही. उहुदच्या लढाईत, हिजरी ३ मध्ये, हजरत सअद बिन रबीअ (रजि.) शहीद झाले. मागे पत्नी आणि दोन मुली. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे सअद यांच्या भावाने सगळी मालमत्ता ताब्यात घेतली. ती विधवा दोन्ही मुलींना घेऊन पैगंबर मुहम्मद (स.) यांच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली की, या पोरींकडे आता काही नाही, यांची लग्ने कशी व्हायची? त्यानंतर वारशाची आयत उतरली, असे हदीसच्या ग्रंथांत आले आहे. पैगंबरांनी त्या चुलत्याला बोलावून सांगितले की, दोन तृतीयांश या दोघींना दे, आठवा हिस्सा त्यांच्या आईला दे आणि राहील ते तुझे.

सूरह निसामध्ये अल्लाहने स्पष्ट केले आहे की, आईबापांनी आणि जवळच्या नातेवाइकांनी मागे ठेवलेल्या मालमत्तेत पुरुषांचा वाटा आहे तसा स्त्रियांचाही आहे, मालमत्ता थोडी असो की जास्त, आणि तो वाटा ठरवून दिलेला आहे. 'थोडी असो' हा मुद्दा आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. कारण आपले पहिले निमित्त नेमके तेच असते की, एवढ्याशा जमिनीत काय वाटायचे!

मग हा ठरवून दिलेला वाटा गेला कुठे? तो रिवाजाने खाल्ला. मुंबईचीच एक जुनी गोष्ट आहे. १८४७ मध्ये खोजा आणि मेमन घरांतील मुली बापाच्या मालमत्तेतील कुरआनप्रमाणे येणारा हिस्सा मागायला मुंबईच्या सुप्रीम कोर्टात गेल्या. न्यायमूर्ती अर्स्किन पेरी यांच्यासमोर खटला चालला. निकाल मुलींच्या विरुद्ध गेला. या जमातींत मुलींना हिस्सा न देण्याचा रिवाज आहे आणि तोच चालेल, असे ठरले. कुरआन मुलींच्या बाजूने होता, पण जमातीचा रिवाज मुलग्यांच्या बाजूने होता आणि जिंकला रिवाज.

त्यानंतर नव्वद वर्षांनी, १९३७ मध्ये, शरीयत लागू करणारा कायदा झाला. त्याच्या उद्देशपत्रातच म्हटले आहे की, रिवाजी कायद्याने आपल्या हक्कांवर घाला येतो अशी तक्रार मुस्लिम स्त्रियांच्या संघटनांनी केली होती. दुसऱ्याच वर्षी, १९३८ मध्ये, कच्छी मेमनांसाठीही वेगळा कायदा होऊन त्यांना वारशात मुस्लिम कायदा लागू झाला. पण १९३७ च्या त्या कायद्यात एक खिडकी उघडी राहिली. शेतजमीन त्यातून वगळली गेली. तेव्हा शेतजमीन हा प्रांतिक सरकारांच्या अखत्यारीतला विषय होता. कारण काहीही असो, कुरआनाने शेतजमीन वगळलेली नाही. आमच्यासारख्यांनी तर खिडकीचीही वाट पाहिली नाही. आम्ही बहिणीच्या सहीने दारच बंद करून घेतले.

हे फक्त आपल्याकडेच आहे, असेही नाही. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि पुढे संसदेने २००५ मध्ये कायदा दुरुस्त करून हिंदू मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलग्यांइतका हक्क दिला. तरी आमच्या शेजारच्या घरांतूनही बहिणी सोडपत्रावर सह्या करतातच. दोन्हीकडचे भाऊ याबाबतीत एकाच शाळेत शिकले आहेत. फरक एवढाच की, आम्ही आमच्या भाषणांत "इस्लामने स्त्रीला चौदाशे वर्षांपूर्वी वारसाहक्क दिला" हे वाक्य हमखास टाकतो. ते वाक्य आम्ही स्वतः शाळेच्या सीरत जलशात किती वेळा म्हटले असेल, त्याला गणती नाही.

निमित्ते आम्हाला पाठ आहेत, कारण ती आमचीच आहेत. पहिले, "बहिणी स्वतःच सोडतात." सोडतात, कारण न सोडणारीला लोभी म्हणतात. संमती ती, जिला नाही म्हणायचीही मुभा असते. निकाहात मुलीचे "हूं" पुरेसे नाही, हे आपण शिकलो, मग जमिनीच्या कागदावर बहिणीची मुकी सही कशी पुरेल? दुसरे, "लग्नात खर्च केला, दागिने घातले." लग्नात भावाच्याही खर्च झाला होता, त्याचा हिस्सा कोणी कापला नाही. तिसरे, "जमिनीचे तुकडे होतील." तुकडेबंदीचा कायदा आहे, हे खरे आहे. पण नाव सामाईक ठेवता येते, पीक वाटून घेता येते, किंमत ठरवून पैसे देता येतात. चौथे, "माहेर तुटेल." हे सगळ्यांत वाईट. माहेर टिकवण्याची किंमत म्हणून बहिणीकडून तिचा हक्क घ्यायचा, तर ते माहेर कसले? ते भाड्याचे घर झाले.

काही तरुण वाचक विचारतील, आणि विचारावेच, की मुलीला निम्माच का? आमच्या वर्गातल्या मुली विचारतात. आमचे म्हणणे असे की, या प्रश्नावर मोकळेपणाने बोलावे, त्याने ईमान कमी होत नाही. आणि वाटही आहे. बाप हयात असताना मुलाला आणि मुलीला सारखे देऊ शकतो. एका सहाबींनी एका मुलाला देणगी दिली आणि इतरांना दिली नाही, तेव्हा पैगंबरांनी (स.) त्यावर साक्षीदार व्हायला नकार दिला आणि मुलांमध्ये इन्साफ करायला सांगितले, हे आपण सगळे जाणतो. केरळमधील एका दांपत्याने ८ मार्च २०२३ रोजी विशेष विवाह कायद्याखाली आपले लग्न पुन्हा नोंदवले. मालमत्ता आपल्या तिन्ही मुलींनाच मिळावी म्हणून. त्यांचा मार्ग प्रत्येकाला पटेल असे नाही. पण बापाला मुलींच्या हिश्शाची अशी काळजी वाटते, हीच मोठी गोष्ट आहे. आमच्यासारख्यांनी मात्र निम्मे न्याय्य की अन्याय्य हे बोलण्याआधी ते निम्मे तरी देऊन मोकळे व्हावे.

तर आम्ही एका रविवारी आपाकडे गेलो. हिशेबाचा कागद खिशात होता. चहा झाला, इकडचे-तिकडचे झाले, तोंडातून शब्द फुटेना. शेवटी कागद काढून तिच्यासमोर ठेवला आणि सांगितले, "आपा, आठ गुंठे तुझे होते. चार माझ्याकडे आहेत, चार भाईजानकडे. माझ्याकडचे मला परत करायचेत."

आपा बराच वेळ कागदाकडे बघत राहिली. तिला आकडे वाचता येतात. मग म्हणाली, "जमीन काय करू मी आता? गुडघे चालत नाहीत." आम्हाला वाटले, ती नकोच म्हणते आहे, आणि खोटे कशाला बोलू, मनाला क्षणभर हायसे वाटले. पण ती पुढे म्हणाली, "दोन्ही पोरींच्या टायमाला पैसा नव्हता. मोठीचं नर्सिंग सुटलं. तेव्हा मी रात्री विचार करायची, भावाला मागू का? मग वाटायचं, सही करून दिलीय, कुठल्या तोंडानं मागू."

आम्ही काहीच बोलू शकलो नाही. तिने कधी मागितले नाही म्हणून आम्ही समजत होतो की तिला गरज नाही. भाचीचे नर्सिंग का सुटले, याचे आम्हाला सांगितलेले कारण तब्येतीचे होते.

निघताना आपा म्हणाली, "दे. पण मदत म्हणून देऊ नको. माझं म्हणून दे."

तेव्हा यंदापासून कारखान्याचे उसाचे बिल आले की आमच्या वाट्यातील तिसरा हिस्सा दोन सारख्या भागांत आपाच्या आणि धाकटीच्या बँक खात्यात जाईल, असे ठरले आहे. पहिला हप्ता गेला. धाकटी फोनवर रडली आणि मग हसून म्हणाली, "भाई, तो साडीचा पैसा वळता करून घे." मागच्या वर्षांचे देणे वेगळे लिहून काढले आहे. ते एकदम जमणार नाही, थोडे थोडे फेडू. सातबारावर नावे लावायचे काम बाकी आहे. सोडपत्र झालेले असल्याने आता नवा दस्त करावा लागेल, त्यात तुकडेबंदीची अडचण काय येते ते आमची ती विद्यार्थिनी बघते आहे. आमची वकील तीच. रमजानची जकात आता दुसऱ्या गरजू घरी जाईल.

भाईजान अजून तयार नाहीत. "तू शिक्षक आहेस, पगार आहे तुला, मला शेतीशिवाय काय आहे?" असे म्हणतात. त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. त्यांचे हात मातीत आहेत, आमचे खडूत. आम्ही वाद घालत नाही, कारण २००९ मध्ये आम्हीही त्यांच्या शेजारीच उभे होतो. पण परवा त्यांनी आपणहून विचारले, "आपाला किती जातात रे दरसाल?" आकडा सांगितला. ते काही बोलले नाहीत. आम्ही त्या प्रश्नाची नोंद आमच्या वहीत केली आहे.

शिक्षकखोलीतल्या वादाकडे परत येतो. समाज पुढे जातो, हे आमचे मत बदललेले नाही. बदलले ते एवढेच की, तो आपोआप जात नाही, हे कळले. मुलीला शिकवताना, तिची संमती विचारताना, तिला मशिदीत जागा देताना आमच्या खिशातून फारसे काही जात नव्हते. म्हणून त्या सुधारणा आम्ही आनंदाने मोजल्या. जिथे आमचेच काही कमी होणार होते, ते पान आम्ही उलटलेच नाही. ते उलटले आमच्याच वर्गात शिकलेल्या एका मुलीने. सातवीनंतर तिचेही बाक रिकामे झाले असते, तर त्या दिवशी तो कागद वाचून दाखवायला कोणी नसते आणि आम्ही नेहमीप्रमाणे साक्षीदाराच्या जागी सही करून घरी आलो असतो. एक सुधारणा दुसरीला अशी हात धरून आणते. वेळ लागतो, पण आणते.

शेवटी एवढेच मागणे आहे. तुमच्या घरात वारसाचा कागद होणार असेल तर तो सहीच्या आधी सगळ्यांसमोर, सगळ्यांना कळेल अशा भाषेत मोठ्याने वाचून दाखवा. बहिणीला आदल्या दिवशी फोन करून बोलावू नका, महिनाभर आधी विचारा आणि तिला तिचा वाटा किती येतो तो आकडा सांगा. त्यानंतर तिने सोडला तर तो तिचा मोठेपणा. आणि ज्यांचे कागद आमच्यासारखे कधीच होऊन गेले आहेत, त्यांनी एकदा पाचवीतले ते गणित घालून बघावे. उत्तर आले की बहिणीकडे एक चक्कर मारून यावी. पुढच्या सुट्टीत जमेल.